सूर्यास्त कुणी पुढे ढकलला? गिरणगाव, वीज आणि एक गुणाकार

१/
सप्टेंबर १८८४. परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे मांडण्यासाठी एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार अशा त्या मागण्या होत्या. त्यांतील एक मागणी आज वाचताना थांबायला लावते: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.

२/
सुटण्याची वेळ घड्याळाने सांगितलेली नाही, सूर्याने सांगितली आहे. कारण अंधार पडल्यावर धागा दिसत नसे आणि धागा दिसला नाही की साचा चालत नसे. वीसच वर्षांनी या मागणीतील 'सूर्यास्त' हा शब्द निरर्थक झाला. तो कसा झाला, याचे उत्तर आपण नववी-दहावीच्या विज्ञानात शिकलेल्या एका गुणाकारात आहे. आजचा धागा त्या गुणाकाराविषयी आणि त्याने गिरणगावाचे काय केले याविषयी. गणिताला घाबरणाऱ्यांनीही थांबावे. येथे गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे काही नाही.

३/
प्रथम चार शब्द. चाळीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे असे समजा. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर अधिक: हा विद्युतदाब, एकक व्होल्ट. नळातून दर क्षणाला जितके पाणी वाहते ती विद्युतधारा, एकक अँपिअर. नळ अरुंद किंवा गंजलेला असेल तर प्रवाह अडतो: हा रोध, एकक ओहम. आणि त्या वाहत्या पाण्याने दर सेकंदाला जेवढे काम करून घेता येते ती शक्ती, एकक वॅट. उपमा सर्वत्र लागू पडत नाही, पण आपल्या कामापुरती पुरेशी आहे.

४/
दाब, धारा आणि रोध यांचे नाते जर्मनीतील गेओर्ग सिमोन ओहम या शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले. तारेचे तापमान बदलले नाही तर धारा दाबाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच:
रोध = दाब ÷ धारा.
एखाद्या उपकरणावर किती व्होल्ट आहेत आणि त्यातून किती अँपिअर वाहतात एवढे मोजले की ते उघडून न पाहता त्याचा रोध सांगता येतो. आज हे फार साधे वाटते. त्या काळी जर्मनीत या मांडणीचे स्वागत थंडपणेच झाले. ओहमला खरा मान मिळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

५/
दुसरा माणूस इंग्लंडमधील सॅलफर्डचा, मद्यनिर्मिती करणाऱ्या घरातील जेम्स प्रेस्कॉट जूल. सॅलफर्ड म्हणजे मँचेस्टरच्या अगदी शेजारचे गाव. आपल्या गिरण्यांची यंत्रे ज्या लँकशायरमधून आली, त्याच प्रदेशातले. तारेतून वीज वाहिली की तार तापते. किती तापते? १८४०-४१ च्या सुमारास जूलने दाखवले की ही उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट. धारा दहापट झाली तर शंभरपट. हा 'वर्ग' लक्षात ठेवा. पुढे सह्याद्री उतरताना तो पुन्हा भेटणार आहे.

६/
म्हणून दोन सूत्रे:
शक्ती = दाब × धारा.
आणि तारेत वाया जाणारी शक्ती = धारा × धारा × तारेचा रोध.
व्होल्ट, अँपिअर, ओहम या एककांवर १८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत शिक्कामोर्तब झाले. 'वॅट' हे नाव पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, विल्यम सीमेन्सने सुचवले. वाफेच्या इंजिनाची ताकद घोड्यांशी तोलणाऱ्या जेम्स वॅटचे हे नाव. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. गिरणीचे मालक अश्वशक्तीत बोलत आणि विजेचे अभियंते वॅटमध्ये. हा ७४६ चा आकडा म्हणजे त्या दोघांमधील दुभाषा.

७/
योगायोग पाहा. त्याच १८८२ साली मुंबईत वीज आली, ती क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने मंडई विजेने उजळली. पण पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. शहराला वीज कायमची मिळायला विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे पुढची 'बेस्ट', स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेची पहिली ट्राम धावली. १८७४ पासून ट्राम ओढणाऱ्या घोड्यांना हळूहळू सुट्टी मिळाली.

८/
आता हात साफ करून घेऊ. लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत माळ्यावरच्या डब्यात जुना ६० वॅटचा बल्ब सापडला. काचेवर २३० व्होल्ट असे छापलेले. आजोबांच्या काळापासून जपून ठेवलेला. ते गिरणीत विणकाम खात्यात होते. हिशेब करू:
धारा = शक्ती ÷ दाब = ६० ÷ २३० = सुमारे ०.२६ अँपिअर.
रोध = दाब ÷ धारा = २३० ÷ ०.२६ = सुमारे ८८० ओहम.
काचेवरच्या दोन आकड्यांवरून बल्बच्या पोटातील तारेचा रोध कळला. बल्ब न लावता, न फोडता.

९/
मग शेजारच्या वायरमनकाकांकडून मीटर आणून त्याच बल्बचा रोध मोजला. काटा ६५ ओहमच्या आसपास थांबला! सूत्र चुकले की मीटर? दोन्ही बरोबर आहेत. मीटरने थंड तार मोजली. बल्ब पेटतो तेव्हा टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्याही वर तापते आणि तिचा रोध दहा-बारा पटींहून अधिक वाढतो. ओहमच्या नियमातील 'तापमान बदलले नाही तर' ही अट विसरली की असे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटावे. कागदपत्रातील आकडाही कोणत्या परिस्थितीत मोजला गेला हे विचारल्याशिवाय वापरू नये.

१०/
आता गिरणीत जाऊ. विजेपूर्वी गिरणीचा दिवस सूर्याच्या मापाने चाले. पहाटे उजाडताच भोंगा, तिन्हीसांजेला सुटका. हिवाळ्यात काम दहा-साडेदहा तास आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत. वर्षाची सरासरी बारा तासांच्या आसपास. १८८१ आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यांनी मुलांच्या कामावर तासांची मर्यादा घातली आणि १८९१ मध्ये स्त्रियांसाठी अकरा तासांची. प्रौढ पुरुष कामगारासाठी कायद्यात तासांची मर्यादाच नव्हती. त्याची मर्यादा एकच होती: अंधार.

११/
मग तेलाचे किंवा गॅसचे दिवे का लावले नाहीत? गिरणीची हवा कापसाच्या तंतूंनी भरलेली असते. खात्यात उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय ज्योतीची उष्णता आणि धूर, आणि तोही मुंबईच्या दमट हवेत. विजेचा दिवा काचेच्या आत बंद. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी कापडाच्या धंद्याला तेजी आली तेव्हा मुंबईच्या अनेक गिरण्यांनी डायनॅमो बसवून खात्यांत विजेचे दिवे लावले. डायनॅमो फिरवायला वेगळे काही नको. गिरणीचे वाफेचे इंजिन होतेच.

१२/
हा सौदा मालकाला कितीला पडे? येथे आपला गुणाकार कामाला येतो. पुढील आकडे एका काल्पनिक गिरणीचे आहेत, पण त्या काळच्या यंत्रांना धरून आहेत. कार्बनच्या तंतूचा एक दिवा: ११० व्होल्ट, ०.५ अँपिअर.
शक्ती = ११० × ०.५ = ५५ वॅट.
रोध = ११० ÷ ०.५ = २२० ओहम.
असे हजार दिवे = ५५,००० वॅट.
भागिले ७४६ = सुमारे ७४ अश्वशक्ती.
डायनॅमोत आणि पट्ट्यांत होणारी तूट धरून ९० म्हणा.

१३/
आता दुसरी बाजू. समजा या गिरणीची त्रासने आणि साचे चालवायला हजार अश्वशक्ती लागते. म्हणजे अंधारातही सारी गिरणी चालू ठेवण्यासाठी प्रकाशावर होणारा जादा खर्च यंत्रांच्या खर्चाच्या शेकडा नऊ. इमारत तीच, यंत्रे तीच, त्यांवरील व्याज तेच. रोजची अडीच-तीन तासांची उपज मात्र नवी. तेजीच्या बाजारात हा हिशेब पाहून कोणता मालक भोंगा वेळेवर वाजवील? १८८४ च्या अर्जातील सूर्यास्त ९० अश्वशक्तीत विकत मिळत होता.

१४/
या हिशेबाची किंमत शरीराने चुकती झाली. दिवे लागलेल्या गिरण्यांत कामाचा दिवस साडेचौदा-पंधरा तासांपर्यंत गेला. चाळीत परतणे, सार्वजनिक नळावर रांग, जेवण आणि पहाटे पुन्हा भोंगा; झोपेला उरत ते पाच तास. १९०५ मध्ये मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत या प्रकाराविरुद्ध लेख आले. मुंबईचे गुलाम अशा अर्थाचा मथळा 'टाइम्स ऑफ इंडिया'त झळकला. त्याच वर्षी तास कमी करा म्हणून कामगारांनी संप केले. ना संघटना, ना संपनिधी, आणि तरीही.

१५/
सरकारला दखल घ्यावी लागली. १९०६-०७ मध्ये एक समिती आणि १९०७-०८ मध्ये फॅक्टरी लेबर कमिशन नेमले गेले. कमिशनच्या बहुमताने प्रौढ पुरुषाच्या तासांवर थेट मर्यादा घालण्यास नकार दिला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर हे सदस्य मात्र अडून राहिले आणि त्यांनी वेगळी भिन्नमतपत्रिका जोडली: मर्यादा हवीच. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारासाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ च्या कायद्याने ती दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास झाली.

१६/
थोडे थांबून एक सावधगिरी. 'विजेच्या दिव्याने कामगाराला राबवले' हे वाक्य आकर्षक आहे, पण अपुरे आहे. दिवा निर्जीव. तास वाढले ते तेजी होती म्हणून, कायद्यात मर्यादा नव्हती म्हणून, आणि कामगाराला 'नाही' म्हणण्याची ताकद नव्हती म्हणून. दिव्याने एवढेच केले की निसर्गाने घातलेले कुंपण काढून टाकले. त्या जागी माणसांनी कायद्याचे कुंपण घालायला १९११ उजाडले. मधल्या वर्षांत जे घडले, ते मोकळ्या कुंपणातून आत शिरलेल्या हावेचे काम होते.

१७/
आता दुसरा हिशेब, याहून मोठा. गिरणगावाचे इंजिन कोळशावर चाले आणि मुंबईजवळ कोळसा नाही. तो बंगालच्या बाजूने किंवा थेट समुद्रापलीकडून यायचा. म्हणजे महाग आणि बेभरवशाचा. धुराड्यांचा काळा थर परळ-लालबागच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे, तो वेगळाच. इकडे लोणावळ्याच्या डोंगरावर दर पावसाळ्यात प्रचंड पाणी कोसळून वाहून जाई. ते अडवून वीज करावी ही कल्पना अभियंता डेव्हिड गॉस्टलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. दोराबजींच्या काळात, १९१० साली, टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली. भांडवल देणाऱ्यांत संस्थानिकही होते.

१८/
रचना अशी. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांत पावसाचे पाणी साठवायचे. कालव्यांनी कड्यापर्यंत आणायचे. तेथून पोलादी नळांतून खाली खोपोलीला सोडायचे. उतार १,७२५ फूट, म्हणजे सुमारे ५२६ मीटर. हे पाणी खोपोलीची चक्रे फिरवी. मूळ योजना ३०,००० अश्वशक्तीची. येथपर्यंत काम गवंड्याचे आणि लोहाराचे. खरा प्रश्न पुढे होता. वीज खोपोलीला आणि गिरण्या परळला. मध्ये ४३ मैल, म्हणजे सुमारे ७० किलोमीटर तार. त्या तारेला रोध आहे. म्हणजे जूल वाटेत बसला आहे.

१९/
गुणाकार करू. ३०,००० × ७४६ = सुमारे २,२४,००,००० वॅट. ही शक्ती मुंबईला पाठवायची आहे. तारेचा एकूण रोध, समजा, २० ओहम. हा आकडा केवळ हिशेबासाठी मी धरला आहे.
पर्याय पहिला: दाब ५,००० व्होल्ट.
धारा = २,२४,००,००० ÷ ५,००० = ४,४८० अँपिअर.
एवढी धारा २० ओहममधून ढकलायला लागणारा दाब = ४,४८० × २० = ८९,६०० व्होल्ट.
आपल्याकडे आहेत पाच हजार! वीज परळला पोहोचणे सोडाच, एवढी धारा या तारेतून वाहणारच नाही.

२०/
पर्याय दुसरा: दाब १,००,००० व्होल्ट.
धारा = २,२४,००,००० ÷ १,००,००० = २२४ अँपिअर.
तारेतील तूट = २२४ × २२४ × २० = सुमारे १०,००,००० वॅट.
म्हणजे शेकडा साडेचार. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक वीज परळला सुखरूप पोहोचली. दाब वीसपट केला, धारा वीसपट घटली आणि तूट वीस गुणिले वीस, म्हणजे चारशेपट घटली. पाच हजार व्होल्टवर हाच परिणाम साधायचा असता तर चारशेपट जाड तार ओढावी लागली असती. एवढे तांबे कुठून आणायचे?

२१/
(जाणकारांसाठी: प्रत्यक्षात ही वीज त्रिकला पद्धतीची, त्यामुळे धारेच्या हिशेबात आणखी एक गुणक येतो. तत्त्व तेच राहते.)
खोपोली-परळ वाहिनीचा दाब याच कारणाने सुमारे एक लाख व्होल्ट ठेवला गेला. दाब असा वाढवायला आणि पुन्हा उतरवायला ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो प्रत्यावर्ती धारेवरच चालतो. फेब्रुवारी १९१५ मध्ये ही वीज परळच्या केंद्रात उतरली. तेथे दाब कमी करून भूमिगत केबलींनी ती गिरण्यांपर्यंत गेली. थोड्याच वर्षांत चाळीसहून अधिक गिरण्या या विजेवर चालू लागल्या.

२२/
गिरणीच्या आतही बदल झाला. पूर्वी एका प्रचंड इंजिनाचे चाक फिरे, त्यावरून जाड दोर मजल्यामजल्यावर जात, तेथे छताला लांब शाफ्ट आणि शाफ्टवरून प्रत्येक साच्याला चामड्याचा पट्टा. इंजिन बिघडले की सारी गिरणी ठप्प. विजेच्या मोटारी आल्यावर प्रत्येक खात्याची ताकद वेगळी करता आली. एखादेच खाते चालू ठेवता येऊ लागले. पुढे दोन आणि तीन पाळ्यांची गिरणी उभी राहिली, तिला या सोयीचा मोठाच आधार होता. १९०५ मध्ये दिव्याने संध्याकाळ घेतली होती. विजेच्या मोटारीने रात्रही खुली केली.

२३/
विजेची भूक वाढली तशी पाण्याची वाढली. तेही मोजता येते. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार किलो, दर सेकंदाला ५२६ मीटर खाली उतरले तर १,००० × ९.८ × ५२६ = सुमारे ५१,५०,००० वॅट. म्हणजे ३०,००० अश्वशक्तीसाठी, तूट न धरताही, सेकंदाला चार घनमीटरहून अधिक पाणी अखंड हवे. पाऊस चार महिने, गिरण्या बारा महिने. म्हणून तलाव हवेत आणि तलावाला जमीन हवी. आंध्र खोऱ्याची योजना आली, भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. नंतरची योजना मुळशीची.

२४/
मुळशी पेटा, पुणे जिल्हा. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण. पाण्याखाली जाणार सुमारे पन्नास गावे आणि मावळ्यांची भातखाचरे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे प्रमुख नेते. बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. मावळे आणि मावळणी बांधकामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. पण अनेक जमिनींची कागदोपत्री मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती आणि त्यांना मोबदला मान्य होता. लढा आतूनच फुटला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामगारांची गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झाले. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

२५/
येथे हा धागा लिहिण्याचे कारण सांगतो. खोपोली-परळ वाहिनीच्या अभियंत्यांनी तूट शेकडा काही टक्क्यांपर्यंत मोजली होती, आणि ती अचूक मोजली म्हणूनच परळला वीज आली. त्या विद्येविषयी मला नितांत आदर आहे. पण 'तूट' या रकान्यात फक्त तारेतील उष्णता होती. साचेवाल्याची गेलेली झोप आणि मुळशीच्या मावळ्याचे बुडालेले खाचर यांचा रोध ओहममध्ये मोजता येत नाही, म्हणून तो कुणी मोजलाच नाही. तो मोजायला सुपारीबागेतील अर्ज, १९०५ चे संप, नायरांची भिन्नमतपत्रिका आणि मुळशीचा सत्याग्रह लागले. इतिहासकाराने दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

२६/
आणि हा गुणाकार अजूनही आपल्या डोक्यावर लटकतो आहे, अगदी शब्दशः. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १,५०० व्होल्टवर. २०१२ ते २०१६ या काळात मुंबईची उपनगरी रेल्वे टप्प्याटप्प्याने पूर्णपणे २५,००० व्होल्टवर गेली. कारण? समजा एक लोकल ३,००० किलोवॅट घेते. जुन्या दाबाला धारा २,००० अँपिअर; नव्या दाबाला १२०. तीच तार धरली तर तूट पावणेतीनशेपटींनी कमी. दादरच्या पुलावर उभे राहून खाली पाहाल तेव्हा हा भागाकार आठवा.

२७/
आज सुपारीबाग परिसरातून चालताना भोंगा ऐकू येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव कसे ओसरले, हा वेगळ्या धाग्याचा विषय. जुन्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत आणि त्यांतील दिवे रात्री दोन वाजताही जळत असतात. आत कुणीतरी अजून काम करत बसलेले असते. त्याच्या टेबलावरचा दिवा आता नऊ वॅटचा आहे. प्रकाश पूर्वीपेक्षाही स्वस्त झाला आहे. लोखंड्यांच्या अर्जातील तो प्रश्न मात्र तसाच आहे: काम थांबायचे कधी, आणि ते ठरवायचे कुणी?

२८/
जाता जाता एक गृहपाठ. घरातील इस्त्री, गिझर किंवा मिक्सर यांच्या तळाशी छापलेले व्होल्ट आणि वॅट पाहा, त्यावरून अँपिअर आणि ओहम काढा आणि येथे लिहा. आणि तुमच्या घरात कुणी गिरणीत काम केले असेल, तर त्यांची पाळी कोणती होती आणि रात्रपाळीहून ते घरी किती वाजता परतत, हेही अवश्य विचारून लिहा. पहिले उत्तर सूत्राने मिळेल. दुसरे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.